सॅलड, चक्का आणि दोन चमचे तेल

गेल्या दिवाळीत माझी भाची हैदराबादेहून चार दिवस आमच्याकडे इंदूरला आली होती. ती एका कचेरीत नोकरी करते. दिवसभराचे बैठे काम, त्यातून वजन थोडे वाढलेले, आणि रक्ततपासणीत निघालेले चरबीचे प्रमाणही डॉक्टरांना पसंत पडण्याजोगे नव्हते. म्हणून रात्रीचे नेहमीचे जेवण सोडून कच्च्या भाज्यांचे सॅलड खाण्याचा नेम तिने धरला होता. नेम चांगला होता. मी हौसेने काकडी, गाजर, कोबी, टोमॅटो असे सारे चिरून तिच्यापुढे ठेवले. ती पानावर बसली, पिशवीतून एक बाटली काढली आणि त्या भाज्यांवर पांढरे, दाट, गुळगुळीत असे काहीतरी पाच मोठे चमचे ओतून मोकळी झाली.

“हे काय ग?” मी विचारले.

“मेयोनीज, मावशी. ह्याच्याशिवाय हा चारा घशाखाली उतरत नाही बघ.”

मी चष्मा लावून बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली. शंभर ग्रॅमला सातशे उष्मांक! म्हणजे एका मोठ्या चमच्यात शंभराच्या आसपास आणि पाच चमच्यांत जवळजवळ पाचशे. आमच्या घरच्या चार मध्यम पोळ्यांचे उष्मांक ह्याहून फारसे अधिक भरत नाहीत. पोरीने पोळी सोडली होती आणि पोळ्यांचे सारे देणे त्या बाटलीतून फेडले जात होते. मी तिला हा हिशेब समजावून सांगितला, तेव्हा ती हिरमुसली. परत गेल्यावर तिने “स्निग्धांशविरहित” असे लिहिलेली दुसरी बाटली आणली. ती गोडसर आणि खळीसारखी चिकट निघाली. महिन्याभराने तिचा फोन आला, “मावशी, सॅलडचे आता नाव काढू नकोस. मी आपली पोळीभाजीवर परत आले.”

बाटली गेली ह्याचे मला काही वाटले नाही. परंतु बाटलीबरोबर गाजर, काकडी आणि टोमॅटोही तिच्या ताटातून गेले ह्याचे मात्र वाईट वाटले. अनेक घरांत हेच घडत असावे. कच्च्या भाज्या मनापासून खाव्यात असे वाटत असेल, तर त्यांना काहीतरी मऊ, आंबट आणि स्निग्ध अशी जोड हवी असते. ती जोड जड असली तर हेतू फसतो आणि अगदीच रूक्ष असली तर नेम मोडतो. ह्या दोहोंमधील वाट आपल्या स्वयंपाकघरातच आहे, आणि ती श्रीखंडासाठी दही टांगण्याच्या खुंटीवरून जाते. तीच आज मी आपल्याला दाखविणार आहे.

मेयोनीज दाट का होते?

वाट दाखविण्यापूर्वी मूळ पदार्थ नीट समजून घेऊ. मेयोनीज हे फ्रेंच पाकशास्त्रातील एक थंड कालवण. त्यात मुख्यतः तीन वस्तू असतात: अंड्याचा पिवळा बलक, तेल, आणि लिंबाचा रस किंवा शिरका. आता गंमत पाहा. तेल पातळ, रस पातळ, बलकही तसा पातळच. मग तिन्ही एकत्र घोटल्यावर लोण्यासारखा दाटपणा येतो कोठून?

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत हे आपण जाणतो. परंतु बलकात लेसिथिन नावाचे एक द्रव्य असते. त्याचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. बलक घोटता घोटता त्यात तेलाची बारीक धार सोडली, की तेलाचे सूक्ष्म थेंब होतात आणि लेसिथिन व बलकातील प्रथिने त्या प्रत्येक थेंबाभोवती पातळ वेष्टण घालतात. त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळून पुन्हा तेलाचा तवंग होऊ शकत नाही. थेंब वाढत जातात तशी त्यांची दाटी होते. पोत्यात मोसंबी खचाखच भरली, की पोते जसे ताठ उभे राहते, तसे हे मिश्रण थेंबांच्या दाटीने ताठ होते. मेयोनीजचा दाटपणा म्हणजे तेलाच्या थेंबांची गर्दी. म्हणूनच त्याच्या वजनात दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश, कधी त्याहूनही अधिक, केवळ तेल असते. अमेरिकेत तर मेयोनीज ह्या नावाने विकावयाच्या पदार्थात निदान ६५ टक्के वनस्पतिजन्य तेल असले पाहिजे असा नियमच आहे.

येथेच अडचणीचे मूळ आहे. मेयोनीज हलके करावे म्हणून तेल कमी केले, की थेंबांची गर्दी विरळ होते आणि मिश्रण पाण्यासारखे वाहू लागते. मग बाजारी मालात तो दाटपणा परत आणण्यासाठी पिठूळ सत्त्व, डिंक आणि पुष्कळदा साखर घालावी लागते. माझ्या भाचीला लागलेली खळीची चव ती हीच.

दुसरी अडचण आरोग्याची आहे. परंपरेच्या मेयोनीजमधील बलक कच्चा असतो. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचे जंतू पोटात जाऊ शकतात, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात फ्रिजबाहेर राहिलेल्या अशा पदार्थात ते झपाट्याने वाढतात. हैदराबादच्या श्रोत्यांना आठवत असेल, अन्नविषबाधेच्या तक्रारींनंतर तेलंगण सरकारने ३० ऑक्टोबर २०२४ पासून कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एक वर्षाची बंदी घातली होती. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनेही तशीच एक वर्षाची बंदी जाहीर केली. अंडे न घातलेले मेयोनीज बाजारात मिळते हे खरे. परंतु अंडे नाही म्हणजे तेल नाही असा त्याचा अर्थ नव्हे. बाटली पाठमोरी करून शंभर ग्रॅममागचे आकडे वाचल्याखेरीज तिच्यावर विश्वास ठेवू नये.

दाटपणाची दुसरी तऱ्हा

आता आपल्या दह्याकडे वळू. दह्याला दाटपणा येतो तो अगदी निराळ्या रीतीने. दुधात केसीन ह्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. विरजणातील जंतू दुधातील साखरेचे आम्ल करतात आणि त्या आंबटपणामुळे हे कण एकमेकांना साखळीसारखे चिकटून त्यांचे एक जाळे तयार होते. त्या जाळ्याच्या घरांत पाणी आणि स्निग्धांश अडकून राहतात. हेच दही. ते पातळ फडक्यात बांधून टांगले, की पाणी निथळते, जाळे घट्ट होते आणि चक्का तयार होतो. बडोद्याकडे गुजराती शेजारणी त्याला ‘मस्को’ म्हणतात. नाव कोणतेही असो, तो दाट असतो प्रथिनांच्या जाळ्यामुळे. तेलाच्या गर्दीची त्याला गरज नाही. म्हणूनच जिभेला तोच मऊपणा मिळतो आणि उष्मांक मात्र कितीतरी कमी पडतात.

ही युक्ती केवळ आपलीच आहे असेही नाही. ग्रीस देशात त्झात्झिकी नावाचा पदार्थ घरोघरी करतात: निथळलेले दही, किसून पिळलेली काकडी, लसूण आणि वरून ऑलिव्हचे तेल. अमेरिकेत ‘रँच’ नावाचे जे ड्रेसिंग आज सर्वत्र मिळते, ते स्टीव्ह हेन्सन ह्या गृहस्थाने लोकप्रिय केले. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ त्यांचे अतिथिगृह होते आणि तेथे येणाऱ्या पाहुण्यांना ते हे ड्रेसिंग वाढीत. त्यातही ताक असते. फक्त त्याच्या जोडीला मेयोनीज घातलेले असते. आपण त्यातील ताकाची बाजू बळकट करावयाची आणि मेयोनीजची जागा चक्क्याला द्यावयाची, इतकेच.

दूध कोणते घ्यावे हा प्रश्न येथे उभा राहतो. म्हशीच्या निर्भेळ दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्याचा चक्का श्रीखंडाला उत्तम, परंतु आपल्या कामाला जड. पिशवीतील टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो. ते ह्या ड्रेसिंगला अगदी योग्य. ह्या टोन्ड दुधामागे एक चांगली हकीकत आहे. मुंबईच्या दूधपुरवठ्याची घडी बसविणारे दारा खुरोडी ह्यांनी ते आपल्या देशात रुजविले. म्हशीच्या दाट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी योग्य प्रमाणात मिसळून स्निग्धांश उतरवावयाचा आणि प्रथिने मात्र टिकवावयाची, म्हणजे त्याच दुधात अधिक मुलांची तोंडे भरतात आणि किंमतही आवाक्यात राहते, असा त्यामागील विचार. १९६३ साली त्यांना व्हर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल ह्यांच्यासमवेत मॅगसेसे पारितोषिक मिळाले. स्निग्धांश कमी करूनही दुधाचे सत्त्व राखता येते, हे तत्त्व आपल्या वाटीभर ड्रेसिंगलाही लागू पडते.

मग तेल अजिबात वगळावे काय?

श्रोतेहो, माझ्या भाचीने हीच चूक केली होती, आणि एके काळी मीही तशीच समजूत बाळगून होते, की तेल जितके कमी तितके चांगले. परंतु गाजर, टोमॅटो आणि हिरवा पाला ह्यांच्या बाबतीत हे खरे नाही.

गाजराचा केशरी रंग ज्यामुळे येतो ते कॅरोटीन आपल्या शरीरात गेल्यावर ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतरित होते. टोमॅटोच्या तांबडेपणाचे कारण असलेले लायकोपीन हे त्याच कुळातील. ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात विरघळतात. त्याच जेवणात स्निग्धांश नसेल, तर आतड्यातून ती रक्तात शिरूच शकत नाहीत. आली तशी निघून जातात. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली ह्याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पालक, लेट्यूस, गाजर आणि टोमॅटो ह्यांचे एकच सॅलड तीन निरनिराळ्या ड्रेसिंगांबरोबर खावयास दिले. एकात तेल मुळीच नव्हते, दुसऱ्यात ६ ग्रॅम होते आणि तिसऱ्यात २८ ग्रॅम. तेलविरहित ड्रेसिंगबरोबर ही द्रव्ये जवळजवळ शोषली गेलीच नाहीत. ६ ग्रॅम तेलाने ती शोषली जाऊ लागली आणि २८ ग्रॅमने त्याहून अधिक. हा प्रयोग मोजक्या सात माणसांवरचा, लहानसा आहे हे ध्यानात ठेवावे. परंतु त्याची दिशा स्पष्ट आहे.

तेव्हा ज्या माणसाने तेलाच्या भीतीने कोरडे सॅलड खाल्ले, त्याने गाजर चावण्याचे कष्ट घेतले आणि त्याचे फळ मात्र पुष्कळसे गमावले. उलटपक्षी २८ ग्रॅम तेल म्हणजे एका माणसाला एका वेळी दोन मोठे चमचे. वजन उतरवू पाहणाऱ्याला ते परवडणार नाही. मधला मार्ग म्हणून मी माणशी सहा-सात ग्रॅम, म्हणजे अर्धा मोठा चमचा तेल धरते. चार माणसांच्या वाटीला दोन मोठे चमचे. ह्याहून कमीही नको आणि अधिकही नको.

आपल्या आज्या कॅरोटीन हा शब्द जाणत नव्हत्या. तरी गाजराच्या कोशिंबिरीवर त्या हिंग-मोहरीची फोडणी ओतीत आणि मूठभर दाण्याचे कूट घालीत. ती त्यांनी चवीसाठी घातली असेल. परंतु चवीच्या मागोमाग गुणही ताटात आला. आज कित्येक घरांत प्रकृतीच्या नावाखाली प्रथम ही फोडणी काढून टाकतात, ते मला बरे दिसत नाही.

कृती

आता प्रत्यक्ष कृती सांगते. प्रमाण चार माणसांचे आहे.

अर्धा लिटर टोन्ड दुधाचे ताजे, गोडसर दही घ्या. दूध विरजण्यापूर्वी चांगले उकळून पाच-सात मिनिटे मंद आचेवर ठेवलेले असावे. त्या उष्णतेने दुधातील दुसरी प्रथिने केसीनला बिलगतात, आणि असे दही पाणी अधिक धरून ठेवते. दूध बोट सोसवेल इतके कोमट झाले म्हणजे विरजण लावावे. दही लागताच ते फ्रिजमध्ये ठेवून थंड करावे. आंबट झालेल्या दह्याचे ड्रेसिंग करू नये. ते उद्या अधिकच आंबट होईल.

हे दही स्वच्छ, पातळ फडक्यात बांधून तीन-चार तास टांगा. श्रीखंडाला आपण रात्रभर टांगतो, तितके येथे नको. ऋतू उन्हाळ्याचा असेल, तर खुंटीऐवजी चाळणीवर फडके पसरून, खाली पातेले ठेवून, ते सर्व फ्रिजमध्येच ठेवावे. सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास मऊ चक्का निघेल. निथळलेले पाणी फेकू नका. त्यातील थोडे आपल्याला लागणार आहे. उरलेले कणीक भिजवायला किंवा आमटीला कामी येते.

चक्का निथळत असतानाच मोहरीकडे लक्ष द्यावे. एक लहान चमचा मोहरी खलबत्त्यात कुटून दोन लहान चमचे थंड पाण्यात फेसा आणि दहा मिनिटे तशीच राहू द्या. हा वेळ महत्त्वाचा आहे. मोहरीचा झणका तिच्यात तयार स्वरूपात नसतो. दाणा फुटून पाण्याचा स्पर्श झाला, की आतील एक पाचक द्रव्य दुसऱ्या द्रव्यावर काम करू लागते आणि तो झणका निर्माण होतो. पाणी कढत असले किंवा आरंभीच लिंबू पिळले, तर हे काम नीट होत नाही आणि मोहरी कडू, मवाळ लागते. म्हणून थंड पाणी आधी, आंबट नंतर. फेसलेल्या मोहरीचा आणखी एक उपयोग असा, की तीही तेलाचे थेंब धरून ठेवण्यास मदत करते. बलकाची उणीव अशी काही अंशी भरून निघते. आपल्या ‘रायते’ ह्या नावातच राई आहे, तेव्हा दही आणि मोहरी ह्यांची सोयरीक काही नवी नाही.

आता चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढून एकजीव करा. त्यात फेसलेली मोहरी, अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर साखर, लसणीची एक पाकळी ठेचून आणि थोडी मिरपूड घाला. मग दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिलिलिटर तेल घ्या. शेंगदाण्याचे, तिळाचे, जे आपल्या घरी चालत असेल ते. ते एकदम ओतू नका. लाकडी चमच्याने किंवा तारेच्या घोटणीने चक्का फेटीत राहा आणि तेलाची सुतासारखी धार सोडा. ह्या दोन मिनिटांत चक्क्याला रेशमासारखी तकाकी आलेली आपल्याला दिसेल. शेवटी एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घालून, बाजूला ठेवलेल्या दह्याच्या पाण्याने ते हवे तितके सैल करा. दोन-तीन मोठे चमचे पाणी पुरते. पळीतून संथपणे पडेल आणि भाजीवर थोडा वेळ टिकून राहील इतपत सैल असावे.

विजेच्या यंत्रात हे सारे घुसळण्याचा मोह होईल. तो आवरावा. फार जोराने घुसळले, की दह्याचे जाळे तुटते आणि मग कितीही दाट चक्का असला, तरी ताकासारखा वाहू लागतो.

हिशेब मांडून पाहू. तेलाचे सुमारे अडीचशे उष्मांक. अर्ध्या लिटर टोन्ड दुधाचे सुमारे तीनशे, त्यातून निथळलेल्या पाण्याबरोबर काही निघून गेलेले. सर्व मिळून फार तर साडेपाचशे, आणि ड्रेसिंग भरले जवळजवळ तीनशे ग्रॅम. म्हणजे एका मोठ्या चमच्यात पंचवीस ते तीस उष्मांक. मेयोनीजच्या चमच्यात नव्वद ते शंभर. माझी भाची घेत असे तितके पाच चमचे घेतले तरी पाचशेऐवजी दीडशेच्या आत. शिवाय तेलाच्या जागी चांगली प्रथिने मिळतात, ती वेगळीच.

पाणी सुटू नये म्हणून

ह्या ड्रेसिंगविषयी ऐकू येणारी एकच मोठी तक्रार अशी, की ते पाचच मिनिटांत पाण्यावर येते. दोष बहुधा ड्रेसिंगचा नसतो, काकडीचा असतो. मीठ लागले, की काकडी, टोमॅटो आणि कोबी ह्यांच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते. खमंग काकडी करताना आपण चोचवलेली काकडी पिळून घेतो आणि मीठ अगदी शेवटी घालतो, ते ह्याच कारणाने. तोच नियम येथे पाळावा. काकडी चिरून किंचित मीठ लावून दहा मिनिटे ठेवावी, मग हलक्या हाताने पिळावी, आणि त्या मानाने ड्रेसिंगमध्ये मीठ कमी घालावे. टोमॅटोतील बिया व रस काढून टाकावा. धुतलेला पाला फडक्यावर पसरून पुरता कोरडा करावा, कारण ओल्या पानावर कोणतेही ड्रेसिंग धरत नाही. ड्रेसिंग कालवावे ते पाने वाढल्यावर, आधी नाही.

ते टिकते किती? झाकणाच्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, दोन किंवा फार तर तीन दिवस. कच्चे अंडे नसल्यामुळे आणि दही आंबट असल्यामुळे धोका कमी आहे. तथापि कच्ची लसूण आणि कोथिंबीर त्यात आहे हे विसरू नये. जेवणाच्या मेजावर तासन्‌तास राहिलेले ड्रेसिंग परत बरणीत घालू नये. वर पाणी सुटलेले दिसले, तर ते दह्याचेच पाणी असते. ढवळून घेतले म्हणजे झाले. वास किंवा चव बदलली असेल, तर मात्र टाकून द्यावे.

चवीत पालट करावयाचा असेल, तर प्रत्येक गावाने आपापल्या घराकडे पाहावे. गोव्यातील भगिनींनी लिंबाऐवजी माडाच्या सुरेचा शिरका वापरून पाहावा. त्याचा मंद आंबटपणा ह्या चक्क्याला फार शोभतो. ग्वाल्हेरकडे मोहरीचे तेल घरात असते. तेच घेतले, तर फेसलेली मोहरी निम्म्याने कमी करावी. हैदराबादेत पुदिना आणि हिरवी मिरची वाटून घालतील, तर ते कबाबाबरोबरच्या चटणीच्या वळणावर जाईल. बेळगावच्या घरांतून कानडी शेजाराची कोसंबरी ओळखीची आहे. तिच्यातली भिजलेली मूगडाळ, किसलेले गाजर आणि हे ड्रेसिंग एकत्र आले, तर रात्रीचे एक पोटभरीचे जेवणच होईल. उकडलेला बटाटा, वाटाणे आणि गाजर घालून मेजवान्यांतून जे रशियन सॅलड वाढतात, तेही ह्यातच कालवावे. बटाटा मात्र पुरता निवल्याखेरीज ड्रेसिंग घालू नये. उष्णतेने दही फुटते.

दूध ज्यांना सोसत नाही, त्यांनी मूठभर शेंगदाणे चार तास भिजवून, थोड्या पाण्यात गंधासारखे वाटून, त्यात मोहरी, लिंबू आणि मीठ घालावे. शेंगदाण्यात स्निग्धांश मुळातच भरपूर असल्यामुळे मग निराळे तेल घालू नये.

श्रोतेहो, शेवटी माझ्या भाचीचे सांगते. माघात मी हैदराबादेस गेले होते. जाताना फडके बरोबर नेले होते, परंतु ते बाहेर काढण्याची वेळच आली नाही. तिच्या फ्रिजमध्ये चाळणी, चाळणीवर फडके आणि फडक्यात दही असे सारे आधीच मांडलेले होते. फोनवर सांगितलेली माझी कृती तिने मनावर घेतली होती. सकाळी कचेरीला जाताना दही चाळणीवर टाकते, सायंकाळी येते तो चक्का थोडा अधिक घट्ट झालेला असतो, मग ती तो पाण्याने सैल करते. त्या रात्री तिने गाजर, पालक आणि टोमॅटोचे सॅलड केले आणि तेलाची धार सोडताना माझ्याकडे पाहून म्हणाली, “दोनच चमचे, मावशी, मोजून.” वजन किती उतरले हे मी विचारले नाही. ताटातील गाजर परत आलेले मी डोळ्यांनी पाहिले, आणि मला तेवढे पुरेसे वाटले.